औषधाच्या नोंदीला मागाहून हात लागू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्लॉकचेन, म्हणजे मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या संगणकीय नोंदींची साखळी, हा शब्द निघाला की आपल्याकडे बोलणे बिटकॉइनच्या भावावर जाते. आरोग्य खात्यात तो निघाला तर एखाद्या परिषदेतल्या सादरीकरणाच्या पुढे सरकत नाही. मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी होते, आता निवृत्त आहे. नोकरीची बहुतेक वर्षे औषध भांडारात गेली. या तंत्राचा आरोग्यसेवेतला सगळ्यात निकडीचा उपयोग मला त्या भांडारातूनच दिसतो, आणि तो फार साधा आहे: एकदा केलेली नोंद कुणालाही गुपचूप बदलता येऊ नये. हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे, कृत्रिम बुद्धिमत्ता, रुग्णाने आपली माहिती विकून पैसे मिळवणे वगैरे ज्या कल्पना या तंत्राला जोडून सांगितल्या जातात, त्या बाजूला ठेवून एवढ्या एकाच गोष्टीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

आम्ही नवी साठा नोंदवही सुरू करायचो तेव्हा पहिल्या पानावर एक दाखला लिहावा लागे: ‘या नोंदवहीत १ ते २०० पाने आहेत.’ खाली वैद्यकीय अधीक्षकांची सही आणि शिक्का. वही शिवलेली, पानांवर छापील क्रमांक. आकडा चुकला तर तो खोडून काढायचा नाही. वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी भांडारात व्हाइटनरची बाटली कधी येऊ दिली नाही. पान फाडले तर क्रमांक तुटतो, नवे पान घुसडले तर शिवण सांगते, आकडा बदलला तर जुना आकडा खालून दिसतो. चोरी करणाऱ्याला वही अडवू शकत नव्हती, पण चोरी लपवणे तिने अवघड करून ठेवले होते.

मग संगणक आले आणि खरोखर सोय झाली. राज्यात ई-औषधी प्रणाली आल्यापासून कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसची किती पाकिटे शिल्लक आहेत, हे जिल्ह्याला बसल्या जागी दिसते. मुदत संपत आलेला साठा शेजारच्या तालुक्याला वळवता येतो. पूर्वी यासाठी जीप आणि शिपाई पाठवावा लागे. जुन्या वह्यांकडे परत चला असे मी मुळीच म्हणत नाही. पण कुठल्याही संगणकीय नोंदीत एक गोष्ट निसटली, ती म्हणजे पहिल्या पानावरचा तो दाखला. ज्याच्याकडे वरचा पासवर्ड आहे तो तारीख बदलू शकतो, आणि बदल कुणी केला याची नोंद ज्या फाइलमध्ये होते, तीही बहुधा त्याच्याच हातात असते. शिवण उसवल्याचे कुणाला दिसत नाही.

एका रुग्णालयात, त्याचे नाव मी घेत नाही, लहान मुलांच्या प्रतिजैविकाच्या कोरड्या सिरपची एक बॅच प्रयोगशाळेने अप्रमाणित ठरवली. अहवाल हातात पडला तेव्हा बाटल्या वाटून संपल्या होत्या. चौकशी लागली. माल कधी आला, नमुना कधी काढला, वाटप कधी थांबायला हवे होते, हे तीन प्रश्न. चलनावर एक तारीख, संगणकात दुसरी, पुरवठादाराच्या बिलावर तिसरी. प्रत्येक जण आपली तारीख खरी म्हणत होता आणि कुणाची खोटी हे ठरवायला काही साधनच नव्हते. काही महिन्यांनी फाइल बंद झाली. त्या बाटल्या नेणाऱ्या आया आमच्याच तालुक्यातल्या. आठवडी बाजारात भेटायच्या, मुलांना घेऊन. औषध कमअस्सल होते हे त्यांना कुणी सांगितले नाही, कारण कोणत्या बाटल्या कुणाला गेल्या हेच कागदावर नव्हते. हा राग माझ्या मनात अजून आहे.

ही एका तालुक्याची गोष्ट झाली. नागपूरचे प्रकरण तर सगळ्या राज्याने वाचले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सिप्रोफ्लॉक्सासिन म्हणून आलेल्या गोळ्यांत औषध नव्हतेच, आणि वेष्टनावर ज्या कंपनीचे नाव होते ती कंपनी अस्तित्वातच नसल्याचे आढळले. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या बनावट प्रतिजैविकांच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल केले. त्यानुसार त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, आणि हरिद्वारमधल्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत बनवल्या गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातही बनावट गोळ्यांचे प्रकरण उघडकीस आले. न्यूमोनियाने तापलेल्या, टायफॉइडने खंगलेल्या माणसाला आपण चेहऱ्याला लावायची पावडर गोळी म्हणून खायला दिली आणि पाच दिवसांनी परत ये म्हणालो. हा माल गल्लीतून रात्री आलेला नव्हता. तो सरकारी खरेदीच्या वाटेने आला, गठ्ठ्यावर बॅच क्रमांक होता, मुदतीची तारीख होती. माझ्यासारख्या कुणीतरी तो मोजून घेतला आणि साठ्यात चढवला. भांडारातल्या माणसाच्या हातात कागद असतो, आणि कागद खरा की खोटा हे ओळखण्याचे साधन नसते.

आता तंत्र. संगणकातल्या कुठल्याही मजकुराचा गणिताने एक ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. सर्वाधिक प्रचारातल्या पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो, मग मूळ मजकूर एक ओळीचा असो की हजार पानांचा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो, आणि ठशावरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही. ब्लॉकचेनमध्ये नोंदींचा एक गठ्ठा झाला की त्याचा ठसा पुढच्या गठ्ठ्यात लिहिला जातो, त्याचा त्याच्या पुढच्यात. मागची एक तारीख कुणी बदलली तर तिथून पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. शिवाय ही साखळी एकाच कार्यालयाच्या संगणकात न राहता अनेकांकडे एकसारखी असते. एकाने आपली प्रत बदलली तर बाकीच्यांच्या प्रती ते उघडे पाडतात. साठा नोंदवहीची शिवण परत आली, एवढेच माझ्या लेखी याचे मोल. बिटकॉइनसाठी हजारो संगणक रात्रंदिवस वीज जाळतात तसली शर्यत इथे लागत नाही, कारण सहभागी सगळे ओळखीचे आणि परवानाधारक असतात.

अॅझिथ्रोमायसिनच्या एका बॅचचा प्रवास या पद्धतीने कसा होईल ते बघा. उत्पादन परवाना देतानाच कंपनीला तिची डिजिटल सही मिळेल. बॅच तयार झाली की पहिली नोंद कंपनी त्या सहीने करेल: बॅच क्रमांक, किती स्ट्रिप, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. नमुना ज्या प्रयोगशाळेत गेला ती प्रयोगशाळा आपला अहवाल आपल्या सहीने त्याच बॅचला जोडेल. पुरवठादार, जिल्हा औषध भांडार, तालुक्याचे रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रत्येक ठिकाणी माल देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या पडल्याशिवाय खोका पुढच्याच्या नावावर चढणार नाही. जी कंपनी अस्तित्वातच नाही तिला परवाना नाही, म्हणून सही नाही, म्हणून पहिली नोंदच होणार नाही. भांडारातल्या औषधनिर्मात्याने खोका स्कॅन केला की मागे काहीच नाही हे त्याला तिथल्या तिथे दिसेल. दहा हजारांची बॅच आणि नोंदीत बारा हजार स्ट्रिप वाटलेल्या दिसल्या, तर वरच्या दोन हजार कुठून आल्या हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहील.

याच्या मर्यादा मी लपवणार नाही, कारण त्या न सांगता हे तंत्र विकणारे लोक पुष्कळ आहेत. साखळी औषध चाखून बघत नाही. तिच्यात जे भरले ते ती जपून ठेवते, आणि खोटे भरले तर खोटेही तितक्याच इमानाने जपते. मी डी. फार्म.ला असताना, १९८६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयापासून मंत्रालयापर्यंतच्या कारभाराची चिरफाड केली. आमच्या पिढीच्या औषधनिर्मात्यांना तो अहवाल म्हणजे धडाच होता. जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुले खोकल्याच्या सिरपने त्याच विषाने गेली. त्यातली कित्येक मुले उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. तामिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. बाटली कंपनीचीच होती, बनावट नव्हती. ब्लॉकचेनने तिच्यावर निमूटपणे खरी म्हणून शिक्का मारला असता. ते विष पकडायला प्रयोगशाळा, औषध निरीक्षक आणि कारखान्यात जाऊन कच्च्या मालाचे पिंप उघडणारा माणूसच लागतो, आणि त्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी कुणी संगणकाची निविदा काढणार असेल तर माझा त्याला विरोध आहे.

पण त्याच प्रकरणात पुढे काय झाले तेही आठवा. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना आवाहन केले की या बॅचची बाटली घरी असेल तर वापरू नका, आम्हाला कळवा. महाराष्ट्रात ती कुठे कुठे आली याचा माग काढण्यासाठी तामिळनाडूच्या औषध नियंत्रकांशी संपर्क साधावा लागला. प्रशासनाने जे करायला हवे तेच केले, त्यात त्यांचा दोष नाही. तरी विचार करा, विषारी बाटली कुठे आहे हे सरकारने जनतेला विचारायचे! बॅचचा प्रवास नोंदलेला असता तर तिची शेवटची बाटली कोणत्या दुकानात आहे हे तासाभरात कळले असते, आणि पहिल्या आजारी मुलानंतरचे काही तास फार मोलाचे असतात. साखळी विष ओळखत नाही, पण ओळखलेले विष कुठवर पोहोचले ते सांगते. मला तेवढेही खूप आहे.

माझा भाचा संगणकातला आहे. तो म्हणतो, ‘मावशी, हे सगळे साध्या डेटाबेसने होते, ब्लॉकचेन कशाला?’ प्रश्न बरोबर आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या बहुतेक सगळ्या खोक्यांवर स्वतंत्र क्रमांक सक्तीचा केला. दुकानदार औषध देताना तो तपासून रद्द करतो, आणि हे काम तिथे मध्यवर्ती डेटाबेसवरच चालते. अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने औषधाचा माग ठेवणे बंधनकारक झाले, तेव्हा एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी मिळून मेडीलेजर नावाचा ब्लॉकचेनचा प्रयोग केला, कारण आपला विक्रीचा हिशेब प्रतिस्पर्ध्याच्या किंवा तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यायला कुणी तयार नव्हते. दोन्ही मार्ग आहेत. मी भाच्याला विचारले, तुझा डेटाबेस कुणाच्या ताब्यात असेल? आपल्याकडे खरेदी करणारा, साठवणारा, वाटणारा आणि चौकशी करणारा ही बऱ्याचदा एकाच खात्याची माणसे. २०१७ पासून सरकारी औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, आता त्यासाठी वेगळे प्राधिकरण आहे. खरेदी कुणीही करो, तिची वही एकट्या त्याच्याच कपाटात असू नये. ती अन्न व औषध प्रशासनाकडे, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि महालेखाकारांकडे एकाच वेळी असावी. तिघांना एका रात्रीत एकच तारीख बदलायला लावणे सोपे नाही. म्हणून मला इथे ब्लॉकचेन हवी. ज्या कामात एकाच विश्वासू हाताने भागते, तिथे तिच्यावर पैसा घालवू नये.

क्यूआर कोड आले की, असे काही वाचक म्हणतील. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. चांगलेच झाले. मात्र सरकारी रुग्णालयात निविदेने येणारी जेनेरिक गोळी ब्रँडच्या त्या यादीत बसत नाही. शिवाय क्यूआरची नक्कल छापून दुसऱ्या खोक्यावर चिकटवली तरी ती स्कॅन होतेच, आणि माहिती अस्सल दाखवते. एकाच खोक्याचा क्रमांक सकाळी गोंदियाला आणि दुपारी सावंतवाडीला वाटला गेला हे पकडायचे तर प्रत्येक देवघेव नोंदली जायला हवी. २०२१ च्या एप्रिलमध्ये बारामतीत रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. कुपी अस्सल, लेबल अस्सल, आतला माल खोटा. वापरलेल्या कुपीचा क्रमांक ‘रुग्णाला दिली’ म्हणून बंद झालेला असता तर ती दुसऱ्यांदा विकताना अडली असती.

रुग्णाच्या कागदपत्रांकडे येते. इथे मी फार सावध आहे. ब्लॉकचेनवर सगळ्या रुग्णांचे केसपेपर टाका असे कुणी म्हणाले तर कृपया त्याला थांबवा. तालुक्याच्या गावात काय होते ते मी पाहिले आहे. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या कोण नेतो, कुठल्या मुलीची कसली तपासणी झाली, हे संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोहोचते आणि लग्ने मोडतात. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचा २०१७ चा कायदा आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. जिथून काहीच पुसता येत नाही तिथे पुसण्याचा हक्क असलेली गोष्ट ठेवायचीच नाही. माहितीचा फक्त ठसा ठेवला म्हणजे भागले असेही नाही. रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा आभा क्रमांक १४ अंकी असतो. नुसत्या त्या क्रमांकाचा ठसा साखळीवर टाकला तर दमदार संगणक एकेक आकडा लावून बघत मूळ क्रमांक शोधून काढू शकतो. ठसा काढण्याआधी त्यात एक लांबलचक गुप्त अंकमाला मिसळावी लागते. निविदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे.

मग रुग्णाला याचा उपयोग काय? एस्टोनियाकडे पाहावे. जेमतेम १३ लाख वस्तीचा तो देश. २००७ मध्ये त्याच्या सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या गार्डटाइम या कंपनीचे ठसे साखळीत गुंफण्याचे तंत्र सरकारी नोंदींना लावले गेले, आणि २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या आरोग्य नोंदींसाठी ते वापरण्याचे जाहीर झाले. तिथेही आजाराची माहिती साखळीवर नसते; ती रुग्णालयांच्या आणि आरोग्य यंत्रणेच्या संगणकांतच राहते. तिथला नागरिक आपल्या आरोग्याच्या पानावर जाऊन माझे कागद कुणी उघडले हे पाहू शकतो. कारण नसताना डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो, आणि मी पाहिलेच नव्हते म्हणून मागची नोंद पुसून टाकण्याची वाट बंद असते. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाच्या संमतीशिवाय कागद एका रुग्णालयातून दुसरीकडे जात नाहीत, ही रचना मला मान्य आहे. तिच्यात एवढीच भर हवी की माझा कागद कुणी, कधी उघडला याची यादी मला मराठीत दिसावी आणि त्या यादीला मागाहून हात लागू नये. गावातल्या बाईला तिचा अहवाल कुणी पाहिला हे विचारता आले, तर पाहणारा दहादा विचार करेल.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि बरेच दिवस तिथले काम हाताने लिहून चालले. तसला हल्ला ब्लॉकचेन रोखत नाही. त्यासाठी वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती आणि शिस्त लागते. फक्त प्रत परत आणल्यावर ती हल्ल्याआधीची, जशीच्या तशी आहे का, हे ठशांवरून पडताळता येते. रक्तगट किंवा इन्सुलिनची मात्रा बदललेली नाही ना, हे कळणे लहान गोष्ट नाही.

आता संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणी. ब्लॉकचेनची मूळ कल्पना बिटकॉइनच्या खूप आधीची आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी संगणकीय कागदावर खोटी तारीख घालता येऊ नये म्हणून ठशांची अशी साखळी मांडली. साखळी चालवणाऱ्यानेच घोटाळा केला तर काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मला सगळ्यात आवडते. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने आठवड्याच्या सगळ्या नोंदींचा मिळून एक ठसा न्यू यॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्र एकदा हजारो घरांत, वाचनालयांत, रद्दीत गेले की त्याचे सगळे अंक गोळा करून ओळ बदलणे कुणाच्या बापाला जमत नाही.

आपल्याकडे नाव बदलले, मूळ दस्त हरवला, जमिनीचा व्यवहार ठरला, की जाहीर नोटीस छापतात. तिच्यावर लोकांचा आणि न्यायालयांचा भरवसा आहे. राज्याच्या औषध भांडारांतल्या आठवड्याभराच्या सगळ्या नोंदींचा मिळून एकच ६४ अक्षरांचा ठसा निघतो. तो दर सोमवारी जाहीर नोटिशींच्या पानावर एका ओळीत छापावा, अशी विनंती मी शासनाला आणि मराठी वर्तमानपत्रांना करते आहे. त्यात कुठल्या रुग्णाचे नाव नाही, कुठल्या कंपनीचे गुपित नाही. पाच वर्षांनी एखाद्या चौकशीत तारखेचा वाद निघाला तर औंध किंवा विट्याच्या सार्वजनिक वाचनालयातला जुना अंक काढून पडताळणी करता येईल. मोठी साखळी उभी राहायला वेळ लागेल; ही एक ओळ पुढच्या महिन्यातही सुरू होऊ शकते, आणि तिला खर्च फक्त छोट्या जाहिरातीचा.

मोठ्या साखळीसाठीही शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. नीती आयोगाने २०१८ मध्येच एक खासगी रुग्णालय समूह, एक औषध कंपनी आणि एक संगणक कंपनी यांना घेऊन औषधांचा माग ठेवण्याचा प्रयोग आखला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने विश्वस्य नावाची ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, हैदराबाद आणि पुणे इथल्या डेटा सेंटरवर आहे. पुणे आपल्याच घरात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीला तर ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम काही वर्षांपूर्वीच हाती घेतले गेले, ते खोट्या दाखल्यांना आळा बसावा म्हणून. दुर्गम एटापल्लीत जे सुचले आणि करता आले, ते जिल्हा औषध भांडारांत करायला अडचण कसली?

अडचणी आहेत, आणि त्या जमिनीवरच्या आहेत. बाह्यरुग्ण विभागात दोनशे रुग्णांची रांग असताना एकटा औषधनिर्माण अधिकारी गोळ्या देईल की खोके स्कॅन करेल? कित्येक ठिकाणी ते पदच रिकामे आहे आणि गोळ्या शिपाई देतो. मेळघाटात किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांत नेटवर्क नसते. म्हणून नोंद आधी यंत्रात साठून नंतर वर चढेल अशी सोय लागेल. प्रत्येक स्ट्रिप पहिल्या दिवसापासून नको, खोक्यापासून सुरू करा. सगळी औषधेही नकोत. शिरेतून द्यायची प्रतिजैविके, लहान मुलांची सिरपे, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि ऑक्सिटोसिन एवढी आधी घ्या. ऑक्सिटोसिनचा मी मुद्दाम आग्रह धरते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे ते इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहावे लागते. वाटेत उन्हात तापले तर त्याची ताकद जाते, पण कुपी पाहून काहीच कळत नाही. खोक्यातल्या तापमापकाची नोंद त्याच साखळीत जायला हवी. ब्रिटनमध्ये स्ट्रॅटफर्ड आणि वॉरिकच्या रुग्णालयांनी जानेवारी २०२१ मध्ये कोविड लशीच्या फ्रीजचे तापमान अशाच सामायिक नोंदवहीत नोंदवायला सुरुवात केली होती. आमच्याकडे तापमानाचा तक्ता फ्रीजच्या दारावर टांगलेला असतो. महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच अक्षरात, तीसही दिवस पाच अंश भरलेले तक्ते मी तपासणीत पाहिले आहेत.

सुरुवात एका जिल्ह्यात करा, आणि भांडारात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना विचारून करा. वाटपाच्या खिडकीवर किती वेळ मिळतो, चलन कुठल्या क्रमाने येते, अर्धा फुटलेला खोका कसा नोंदायचा, हे मंत्रालयात बसून समजत नाही. खोका आल्यापासून रुग्णाच्या हातात गोळी पडेपर्यंत कोणती नोंद कुणी, कोणाच्या सहीने करावी याचा दोन पानी तक्ता मी आणि माझ्या काही निवृत्त सहकाऱ्यांनी मिळून तयार केला आहे. त्यात रुग्णाचे नाव कुठेही लागत नाही. आपल्या कार्यालयामार्फत कुणी मागितला तर तो लगेच पाठवीन, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा भांडारात बसून तो चालवून दाखवायची आमची तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
कराड, जि. सातारा